र. धों. कर्वे आणि 200 रुपयांचा दंड : संततिनियमन नेमकं कुणासाठी?

पनवेलहून मी परत आलेय, इतिहासातली एक गोष्ट घेऊन. आज विषय आहे संततिनियमन, म्हणजे मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको, आणि हे ठरवायचं कुणी. शेजारी घरातलं कुणी बसलंय म्हणून तुम्हाला आवाज कमी करावासा वाटला असेल, तर हरकत नाही, करा. पण तो का कमी केला हे मात्र लक्षात ठेवा. कारण ह्याच संकोचाशी भांडताना मुंबईतल्या एका संपादकाला दोनदा शिक्षा झाली.

साल 1934. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि गुन्हा काय? वाचकांनी लैंगिक जीवनाबद्दल प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी त्यांना छापील उत्तरं दिली. हस्तमैथुन, समलैंगिकता, असे प्रश्न होते. बाबासाहेबांचं म्हणणं साधारण असं होतं की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोकांना शंका असतील तर जाणकाराने उत्तर द्यायलाच हवं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. दंड झाला 200 रुपये.

‘ध्यासपर्व’ सिनेमा किंवा ‘समाजस्वास्थ्य’ नाटक पाहिलं असेल तर ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एकटा माणूस, विरोधात सगळा समाज. ते खरंच आहे. पण मला आज ह्या गोष्टीतून दुसराच एक धागा ओढायचाय. संततिनियमन चांगलं, असं म्हणणारे कर्व्यांच्या काळातही बरेच होते आणि नंतर तर सरकारच तसं म्हणायला लागलं. मग भांडण कशावर होतं? माझ्या मते भांडण एका शब्दावर होतं : कुणासाठी?

कर्व्यांच्या आधी

थोडं मागे जाऊ. 1863 साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळी ब्राह्मण घरांत विधवेचा पुनर्विवाह नाही. मुलगी दहाबारा वर्षांची असतानाच नवरा गेला, तरी उरलेलं आयुष्य तसंच काढायचं. त्यात घरातल्याच एखाद्या पुरुषाकडून दिवस गेले, तर अब्रू जायची ती फक्त तिची. मग विहीर, नाहीतर चोरून केलेला गर्भपात, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा. फुल्यांनी सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. जोतीरावांनी 1884 मध्ये लिहिलंय की तोवर अशा 35 बायका त्यांच्याकडे आल्या होत्या. ह्यातल्याच एकीचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत.

कायदा तेव्हा काय म्हणत होता? 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 312 होतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी सोडून इतर कशासाठीही गर्भपात केला तर तो गुन्हा, आणि तो करवून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. पुरुषाचा त्या कलमात उल्लेखही नाही, त्याने स्वतः गर्भ पाडला असेल तरच तो सापडणार.

1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी केली गेली, पण दरम्यान वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर जे काही छापून आलं, त्याने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. ते छापलं गेलं 1882 मध्ये. त्यांचा मुद्दा सरळ होता : जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय?

आणि बघा, त्याच 1882 सालच्या जानेवारीत रघुनाथ कर्व्यांचा जन्म झाला.

गणिताचा प्राध्यापक

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, 1891 मध्ये, त्यांची आई राधाबाई गेली. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई नावाच्या विधवेशी लग्न केलं, आणि ते पुण्यात केवढं गाजलं ते आपण शाळेत शिकलोय. म्हणजे समाजाने वाळीत टाकणं काय असतं, हे ह्या मुलाने घरातच पाहिलं होतं.

रघुनाथराव गणित शिकले, पॅरिसला जाऊन आले, मुंबईत विल्सन कॉलेजला प्राध्यापक झाले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. हे साल लक्षात ठेवा. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगरने 1916 साली असं केंद्र काढलं होतं आणि पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद पाडलं होतं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र सुरू झालं मार्च 1921 मध्ये. म्हणजे जगात जिथे कुठे हे घडत होतं, त्याच्या बरोबरीनेच आपल्या मुंबईत घडत होतं.

तेव्हा साधनं काय होती? गोळी नव्हती, ती अमेरिकेत 1960 मध्ये आली. तांबी नव्हती. होत्या त्या रबरी टोप्या, स्पंज, आत ठेवायच्या विरघळणाऱ्या गोळ्या आणि पुरुषांसाठी रबरी पिशवी, म्हणजे आपलं कंडोम. ‘सुरक्षित दिवस’ मोजायचे म्हणाल, तर त्याबाबतीत कित्येक डॉक्टरांचाच हिशोब उलटा होता. दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असा सल्ला कित्येक वर्षं दिला जात होता, आणि गर्भ राहण्याची शक्यता नेमकी त्याच दिवसांत सगळ्यात जास्त! बरोबर हिशोब मांडला तो जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस ह्या डॉक्टरांनी, तोही 1920 च्या दशकात. चुकीच्या माहितीची किंमत कोण मोजत होतं, हे वेगळं सांगायला नको.

1923 मध्ये कर्व्यांचं ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आलं. 1925 मध्ये कॉलेजने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला, हा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा. त्यांनी नोकरी सोडली. 1927 च्या जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. घरात पैशाची ओढाताण कायमची. पत्नी मालतीबाई ह्या सगळ्यात सोबत होत्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. आजही लग्नाला दोन वर्षं झाली की ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं, तर त्या काळात मालतीबाईंना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ह्याचा अंदाज करा. सिनेमा, नाटक, पुस्तकं बहुतेक त्यांच्या नवऱ्यावर झाली, पण तो निर्णय त्यांच्याही शरीराचा होता.

1931 मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या एका लेखासाठी कर्व्यांवर पहिला खटला झाला. दंड 100 रुपये. 1934 चा दुसरा. दंड झाले तरी मासिक चालूच राहिलं.

प्रत्येकाचं कारण वेगळं

आता मूळ धाग्याकडे येऊ. त्या काळात संततिनियमनावर कोण काय म्हणत होतं बघा.

कादंबरीकार ना. सी. फडके संततिनियमनाच्या बाजूचे होते. त्यांनी 1927 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना खुद्द सँगरबाईंची. पण त्यांचा भर होता सुप्रजननावर, म्हणजे राष्ट्राची प्रजा सुदृढ, ‘चांगल्या प्रतीची’ व्हावी ह्यावर. मग ‘वाईट प्रतीचे’ कोण, हे कोण ठरवणार? हा विचार तेव्हा जगभर होता, आणि संततिनियमनाच्या चळवळीला तो सगळीकडेच चिकटलेला होता.

गांधीजींचं मत दुसऱ्या टोकाला. डिसेंबर 1935 मध्ये सँगर वर्ध्याला जाऊन त्यांना भेटल्या. संतती मर्यादित असावी हे गांधीजींना मान्य, पण साधनं नकोत, संयम हवा. ऐकायला भारदस्त आहे. पण नवरा संयम पाळत नसेल तर बाईने काय करायचं? नवऱ्याला ठामपणे नकार द्यावा, असं त्यांचं उत्तर. आता ज्या बाईचं जेवणखाण, छप्पर, सगळं त्या नवऱ्याच्या हातात आहे, तिने हा नकार कशाच्या जोरावर द्यायचा? त्याच महिन्याच्या अखेरीला अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन त्रिवेंद्रमला भरलं, सँगरही तिथे होत्या, आणि परिषदेतल्या बायकांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला. म्हणजे बायकांना विचारलं, तेव्हा उत्तर वेगळं आलं.

तिसरं मत आंबेडकरांचं. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी एक ठराव मांडला, सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि सोयी पुरवाव्यात म्हणून. भाषण तयार केलं होतं बाबासाहेबांनी. त्यात गरिबीचा मुद्दा आहेच, पण बाईच्या प्रकृतीचाही आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलापुढे कुणी गेलंच नसतं, अशा अर्थाचं त्यात म्हटलंय. ठराव पडला. बाजूने 11 मतं, विरोधात 52.

आणि कर्वे? त्यांच्याकडेही राष्ट्राची, प्रजेच्या आरोग्याची भाषा सापडते, ते काही काळाच्या बाहेरचे नव्हते. पण त्यांचं मुख्य म्हणणं जास्त धाडसी होतं. कामसुख ही पुरुषाइतकीच बाईचीही गरज आहे, तो तिचा हक्क आहे, आणि दिवस जाण्याची भीती डोक्यावर टांगलेली असेपर्यंत तिला तो हक्क भोगता येणार नाही. त्यांच्या दृष्टीने साधनं ह्यासाठी. देशाची लोकसंख्या घटवायला कुणी साधनं वापरली असती तर त्यांना कदाचित माफीही मिळाली असती. बाईच्या सुखासाठी म्हटलं, तिथे समाजाला खुपलं.

अर्थात कर्व्यांनाही मर्यादा होत्या. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीराची लाज वाटू नये हा त्यांचा हेतू, पण ते शरीर बहुतेक वेळा बाईचंच का, हा प्रश्न आज आपण विचारू शकतो. शिवाय मासिक वाचायला मुळात वाचता यायला हवं. 1931 च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता 3 टक्क्यांहून कमी होती. शेतावर, गिरणीत राबणाऱ्या बाईपर्यंत कर्व्यांचं उत्तर कितीसं पोचलं असणार?

मग सरकार आलं

1952 मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा तो जगातला पहिला देश मानला जातो. लाल त्रिकोण आला, 1968 मध्ये ‘निरोध’ आला, तीन नगांचं पाकीट 15 पैशांना. कर्व्यांना ज्यासाठी कोर्टात उभं केलं, ते आता एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं! जिंकलो म्हणायचं ना?

पण नीट बघा, ‘कुणासाठी’चं उत्तर बदललं होतं. आता ते होतं देशाच्या आकड्यांसाठी. आकडे आले की उद्दिष्टं आली, उद्दिष्टं आली की शिबिरं आली. 1965 पासून ‘लूप’ बसवण्याची मोठी मोहीम निघाली. रक्तस्राव व्हायला लागला, तपासणीला कुणी नाही, आणि बायकांचा विश्वास उडाला. मग आणीबाणी. 1976-77 ह्या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. तीन मुलं झाली की ऑपरेशन सक्तीचं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

1977 मध्ये सरकार पडलं, त्यात नसबंदीच्या रागाचा मोठा वाटा होता. ‘कुटुंबनियोजन’ नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ झालं. आणि पुढे काय झालं? पुरुषांच्या वाटेला जायची हिंमत पुन्हा कुठल्या सरकारला झाली नाही. सगळा भार बाईवर गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते (2019-21) : देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांची नसबंदी झालेली आहे, आणि जिथे नवऱ्याची नसबंदी झालीय असं प्रमाण आहे 0.3 टक्के. महाराष्ट्रात तर बायकांचं प्रमाण जवळपास निम्मं आहे. आणि पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी आहे हं, तिच्यात पोट उघडावं लागत नाही.

पुरुषांवर सक्ती झाली, तेव्हा सरकार पडलं. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडात बिलासपूरच्या शिबिरांनंतर 13 बायका दगावल्या, तेव्हा कुठलंही सरकार पडलं नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितलं, तेही देविका बिस्वास ह्या कार्यकर्तीने याचिका केली म्हणून.

ह्याच काळात स्त्रीमुक्ती संघटनांनी एक अवघड भूमिका घेतली. हैदराबादजवळ नेट-एन ह्या इंजेक्शनची चाचणी बायकांवर होत होती, आणि ही चाचणी आहे हेच त्यांना सांगितलेलं नव्हतं. 1986 मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली वगैरे संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वरवर बघता वाटेल, ह्या बायका गर्भनिरोधकाच्या विरोधात कशा? त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला साधन हवंय, पण त्याचे परिणाम सांगून, पर्याय देऊन, आणि नको म्हटलं तर थांबता येईल असं. माझ्या मते कर्व्यांचा प्रश्न तिथे पुन्हा जिवंत झाला, आणि ह्या वेळी तो बायका विचारत होत्या.

आता आपल्याकडे

आमच्या पनवेलमध्ये मेडिकलची दुकानं शोधावी लागत नाहीत, खारघर-कामोठ्यात तर दर वळणावर एक. गोळी मागितली की ती खाकी पिशवीत, नाहीतर वर्तमानपत्रात गुंडाळून येते. खोकल्याचं औषध कुणी असं गुंडाळत नाही. आणि इथून थोडं आत, कर्नाळ्याच्या बाजूला, माथेरानच्या पायथ्याच्या कातकरी-ठाकर वाड्यांवर गेलात की मेडिकल नाही, आशाताई असतात. तिथे बाईच्या हातात काय येईल, हे आशाताईंच्या पिशवीत काय आलंय त्यावर ठरतं.

म्हणून काही गोष्टी सरळ सांगते, त्या माहीत असल्या पाहिजेत. तातडीची गर्भनिरोधक गोळी 2005 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. ती गर्भपाताची गोळी नाही. सरकारी दवाखान्यात तांबी, ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी मोफत मिळते. ‘छाया’तलं औषध लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेलं आहे. कुठलं साधन आपल्याला चालेल हे डॉक्टरला विचारूनच ठरवा.

गर्भपाताचा कायदा 1971 चा. साधन फसलं म्हणून गर्भपात करता येईल असं त्यात होतं, पण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ ह्यांच्यासाठी, आणि तेही मुलांची संख्या मर्यादित ठेवायला. पुन्हा संख्या! 2021 मध्ये ते शब्द बदलून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले, आणि 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बायकांनाही विवाहितांइतकाच हक्क आहे हे स्पष्ट केलं. बाई 18 वर्षांपुढची असेल तर गर्भपाताला संमती फक्त तिची लागते. ‘नवऱ्याची सही आणा’ असं कित्येक ठिकाणी सांगतात, पण कायद्यात ती अट नाही. नसबंदीलाही नाही. मात्र आपल्या कायद्यात शेवटचा निर्णय अजूनही डॉक्टरच्या मताचा आहे, आणि ते कलम 312 नव्या न्याय संहितेत कलम 88 होऊन बसलंय.

महाराष्ट्रात आणखी एक नियम आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. कागदावर नियम स्त्रीपुरुष दोघांनाही सारखा आहे. पण किती मुलं होणार हे ज्या घरात बाई ठरवत नाही, त्या घरातल्या सरपंचबाईचं पद त्यापायी जातं, तेव्हा ती शिक्षा न घेतलेल्या निर्णयाची असते.

तर मंडळी, 1863 पासून आपण आज इथवर आलो. साधनं बदलली, कायदे बदलले, कर्व्यांना दंड करणारी सत्ताही गेली. पुढच्या वेळी कुठे ‘लोकसंख्येसाठी’, ‘घराण्यासाठी’, ‘समाजासाठी’ मुलं कमी करा किंवा जास्त करा असं कानावर आलं, हल्ली दोन्ही ऐकू येतं, तर एवढंच विचारा : तिला विचारलंय का?

हा भाग घरातल्या एखाद्या पुरुषाला नक्की पाठवा. 0.3 टक्क्यांचा आकडा त्यांनीही ऐकायला हवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.